निव्वळ वजन

इलियास खतीब म्हणाला, चला लहानेभाऊ, एकदा बघा तरी,
पन्नासाचं तिकीट आहे, मी काढलंय.
जालन्यात पगारी खेळाडूंची फुटबॉल मॅच
पहिल्यांदाच होऊ राहिली होती.
मी क्रिकेटवाला, तोही स्कोअर विचारण्यापुरता.
बियाणे कंपनीच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं बसलोय:
भरलेली गाडी, वजा रिकामी गाडी, उरलं ते निव्वळ.
आकडा हलला पाहिजे, नाहीतर मला बसवत नाही.

सिमेंटच्या पायऱ्या दिवसभर तापलेल्या,
पेपर अंथरला तरी बूड भाजायचं थांबेना.
शेजारी मिशन दवाखान्यातले जुने कंपाउंडर आशेरकाका,
गळ्यात शिट्टी, जिचा या सामन्याशी काही संबंध नव्हता.
खालच्या पायरीवर मदरशाची पोरं, टोप्या खिशात कोंबून,
आणि जाळीपलीकडं चार म्हशी.

अर्धा तास झाला. शून्य शून्य.
मी म्हणालो, इलियास, काटा अडकलाय.
त्यानं शेंगदाणे मांडले पायरीवर, ऑफसाइड सांगायला:
हा गोलकीपर, हा शेवटचा बचाववाला,
आता ह्याच्या पुढं हा उभा असला तर...
मी मान हलवली
आणि बचाववाला खाऊन टाकला.

क्रिकेटात बॉलर मागं चालत जातो
तेवढ्यात माणूस पोरीच्या स्थळाचं बोलून घेतो.
इथं कुणी मागं जातच नाही. लघवीला जावं कधी?

मग मला तो सहा नंबर दिसला.
मणिपूरचा आहे म्हणे, अंगानं काडी.
चेंडू तिकडं अन् हा इकडं.
पळायचा, थांबायचा, हात वर करायचा,
कुणी द्यायचं नाही. परत पळायचा.
सवयीनं मी मोजायला लागलो.
हाफटाइमनंतर एक्केचाळीस वेळा.
एक्केचाळीस, आणि कुठल्याच पाटीवर नाहीत.
बेचाळिसाव्याला मी उभा होतो, ओरडत होतो,
द्या रे त्याला, कामून देत नाही त्याला!
पँटीला चिकटलेला पेपर तसाच,
मागचं पोरगं त्यावरचे मोसंबीचे भाव मोठ्यानं वाचत होतं.

सात मिनिटं राहिली असतील. फोन वाजला. काट्यावरून.
सरकीची गाडी आलीय, कॉम्प्युटर उघडेना, नंबर सांगा.
मी मैदानाकडं पाठ केली, एक कान दाबला,
दोन, म्हणालो, सात, म्हणालो,
शून्य...
आणि सगळ्या पायऱ्या एकदम उठल्या.

इलियासनं मला असं कवळलं
की फोन शेंगदाण्यांत पडला.
आशेरकाकांची शिट्टी अखेर वाजली.
एक पोरगं टिनाचा १ घेऊन शिडी चढत होतं.
मी विचारलं, परत दाखवतील ना?
इलियासनं माझ्याकडं बघितलं,
मयताच्या घरी उशिरा आलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं.
भाऊ, म्हणाला, हो गया वो.

सहा नंबर तिकडं दुसऱ्या टोकाला बसला होता,
पोटरी दाबत. एवढं मी बघितलं.

घरी बायकोला गोल सांगितला.
मिठाची बरणी गोलकीपर, पळी म्हणजे सहा नंबर.
ती म्हणाली, बरं, आणि पळी उचलून आमटी वाढली.
दुसऱ्या दिवशी काट्यावर ड्रायव्हर जमले,
मी पुन्हा सांगितला, जरा लांबवून:
चेंडू उजवीकडून आला, सगळे तिकडं धावले,
आणि हा काडीसारखा पोरगा, ज्याला कुणी विचारत नव्हतं,
बरोबर तिथं उभा!

इलियास खिडकीशी पावत्या फाडत होता.
त्यानं मान वर केली.
एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा काट्याकडं,
आणि पुढच्या गाडीला हात केला.